विद्यार्थ्यांची लेखणी आणि शिक्षकाचा हात

विद्यार्थ्याने लिहिलेले खरे असले, परंतु कोणाला न रुचणारे असले, तर ते छापावे की गाळावे? शाळेचे हस्तलिखित, भित्तिपत्रक किंवा वार्षिकांक यांचे काम ज्या शिक्षकाकडे असते, त्याच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. आम्हांला तो केवळ संपादनाचा वाटत नाही. तो सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न आहे.

एक उदाहरण कल्पून पाहू. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत, खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहिरीचे पाणी खारट, म्हणून सारी भिस्त नळयोजनेवर. त्या भागातील नववीची एखादी विद्यार्थिनी लिहिते, 'आमच्या गावात पंधरा दिवस नळाला पाणी नाही. योजनेचा पैसा सरपंचांनी खाल्ला.' पहिले वाक्य तिने अनुभवलेले, दुसरे पारावर ऐकलेले. आणि सरपंच शाळेच्या समितीवर आहेत!

भित्रा शिक्षक दोन्ही वाक्ये खोडील. उतावळा दोन्ही छापील. मुलगी मात्र दोघांकडूनही काही शिकणार नाही. खरा मार्गदर्शक तिला विचारील, 'हे तुला कशावरून कळले? आणखी कोणाला विचारलेस? ज्यांच्यावर आरोप आहे, त्यांचे म्हणणे ऐकलेस का?' मग पहिले वाक्य अधिक बळकट होऊन राहील, आणि दुसऱ्याला पुरावा मिळाला नाही, तर ती ते आपल्याच हाताने काढून टाकील. खोडणारा हात शिक्षकाचा की विद्यार्थ्याचा, यात फार मोठे अंतर आहे.

या प्रश्नांचे मोल वऱ्हाडाने घडविलेल्या एका संपादकाच्या चरित्रात दिसते. गोपाळ गणेश आगरकर अकोल्याच्या शाळेत शिकले व १८७५ साली मॅट्रिक झाले. घरची अत्यंत गरिबी. पण विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या शिक्षकाचा आधार त्यांना लाभला, आणि विद्यार्थिदशेतच ते 'वऱ्हाड समाचारा'त लिहू लागले. पुढे ते 'केसरी'चे संपादक झाले. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याच्या बातमीने व्यथित होऊन त्यांनी व टिळकांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर लिहिले. ज्या पत्रांवर भिस्त ठेवली, ती बनावट निघाली. क्षमा मागूनही १८८२ साली दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध होता. पुरावा शुद्ध नव्हता. परंतु त्या आघाताने आगरकरांची लेखणी मुकी झाली नाही. मतस्वातंत्र्यासाठी त्यांनी १८८७ साली 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. पुराव्याविषयी कठोर आणि मताविषयी निर्भय, असे दोन्ही असावे लागते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयी जो आदेश काढला, त्यात माहिती मिळण्याचा समाजाचा हक्क मान्य केला आहे. ती माहिती सत्य असावी आणि न्याय व प्रीती यांच्या मर्यादेत पूर्ण असावी, अशी त्यातील अपेक्षा आहे. प्रीतीची ही मर्यादा महत्त्वाची आहे. वर्गमित्राच्या वडिलांनी कर्जापायी जीव दिला, ही गोष्ट खरी असली, तरी ती त्या मुलाच्या नावानिशी छापण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही. पण प्रीती म्हणजे बलवंतांची मर्जी राखणे नव्हे.

हे सारे एकट्या शिक्षकावर सोपविणे मात्र अन्याय्य होय. बहुधा भाषेच्या शिक्षकाच्या गळ्यात हे काम पडते. वेळापत्रकात त्याला तास नसतो, आणि तक्रार आली की पाठीशी कोणी नसते. अशा स्थितीत तो भित्रा झाला, तर दोष त्याचा एकट्याचा कसा? काय छापावे, निर्णय कोणी घ्यावा, तक्रार आल्यास काय करावे, याचे लेखी नियम शाळेने वर्षारंभीच ठरवावेत. वादग्रस्त मजकूर दुसऱ्या एका शिक्षकाने वाचावा. अकोला व अमरावती येथून दैनिके निघतात. त्यांच्या अनुभवी वार्ताहरांना वर्षातून दोनदा तरी शाळेत बोलवावे.

आणि पालकांचे काय? आपल्या पाल्याचे नाव अंकात आले की आपण आनंदाने अंक शेजाऱ्यांना दाखवतो. आपल्याला बोचणारे काही आले की मुख्याध्यापकांकडे धाव घेतो. त्याऐवजी त्या लहान वार्ताहराला घरी बोलावून आपली बाजू सांगितली, तर? खोटी साक्ष देऊ नये, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवितो. खरी साक्ष कशी द्यावी, हेही त्यांना शिकविले पाहिजे, आणि ती ऐकून घेण्याची सवय आपण स्वतःला लावली पाहिजे.