दरमहा दहा टक्के कुठून येणार होते?

2018 साली पुण्यातल्या दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत ‘गेनबिटकॉइन’ योजनेविरुद्ध गुन्हे नोंदले गेले आणि एप्रिलमध्ये पुणे पोलिसांनी योजनेचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला अटक केली. योजना सांगायला सोपी होती. तुमचे बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही खाणकाम करू, तुम्ही अठरा महिने दरमहा दहा टक्के घ्या, तेही बिटकॉइनमध्येच. म्हणजे एकाचे 1.8.

ज्यांचे पैसे गेले त्यांना हावरट ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. भाव कसा बघायचा हे त्यांना सगळ्यांनी शिकवले होते, परतावा येतो कुठून हे विचारायला कुणीच शिकवले नव्हते.

उत्तर तर उघड्यावर होते. बिटकॉइनचे खाणकाम म्हणजे संगणकांनी कोडे सोडवून व्यवहारांचा नवा ब्लॉक तयार करणे आणि बक्षीस म्हणून नवी नाणी मिळवणे. असा ब्लॉक साधारण दहा मिनिटांनी तयार होतो. जुलै 2016 मध्ये त्यामागचे बक्षीस 25 नाण्यांवरून 12.5 वर आले. साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे 3,600 नवी नाणी निघत, ती 1,800 वर आली. त्यात यंत्रे वाढली की कोडे आपोआप अवघड होते आणि प्रत्येक यंत्राचा वाटा घटतो. उत्पन्न असे आक्रसत असताना दहा टक्के मात्र जागचे हलत नव्हते. बिटकॉइनचा भाव चढल्याने या हिशेबाला काहीच टेकू मिळत नाही, कारण देणेही बिटकॉइनमध्येच होते. मग उरली फक्त मागून येणाऱ्यांची नाणी.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढची. 2017 च्या सुरुवातीला हजार डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन डिसेंबरात वीस हजारांच्या जवळ पोहोचला होता. ज्याने नाणी स्वतःजवळच ठेवली, तो कमावून बसला. बुडवले ते योजनेने. म्हणून नाण्याची पारख वेगळी करायची आणि ते ज्याच्या हाती सोपवायचे त्याची वेगळी.

पुढे परताव्यापोटी ‘एमकॅप’ नावाचे घरचेच टोकन देऊ केले गेले. नाशिकच्या किंवा म्हैसूरच्या छापखान्यातून आलेल्या नोटेमागे रिझर्व्ह बँकेचे वचन असते. अशा टोकनमागे कुणीच नसते, म्हणून एकूण किती काढली, त्यातली काढणाऱ्यांकडेच किती आणि रोज खरोखर किती विकली जातात, हे बघावे लागते. शंभर कोटी टोकन, शेवटचा सौदा दहा रुपयांचा, की बाजारमूल्य हजार कोटी दिसते. रोजची उलाढाल दोन लाखांची असेल तर त्या हजार कोटींना काडीचा अर्थ नाही. बहुतेक टोकनांची खातेवही इंटरनेटवर कुणालाही वाचता येते. तासभर खर्चून ती वाचावी, असा माझा आग्रह आहे.

नाणे चोख असले तरी तिजोरी कुणाची, हा प्रश्न उरतोच. जुलै 2024 मध्ये ‘वझीरएक्स’ या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ग्राहकांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ अडकले आणि तोडग्यासाठी सिंगापूरच्या न्यायालयाकडे बघावे लागले. पुण्याच्या प्रकरणात तर तपासाला मदत करायला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च 2022 मध्ये अटक झाली. जप्त नाणी परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. नाणे हलवायला लागणारी गुप्त डिजिटल किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याच ताब्यात नाणे. एक्स्चेंजवर ठेवलेल्या नाण्याची किल्ली आपल्याकडे नसते.

शेवटी कर. एप्रिल 2022 पासून नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आणि वर उपकर आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एकात लाख मिळाले, दुसऱ्यात लाख गेले, हाती शून्य. तरी 31,200 रुपये भरावे लागतात. चार-पाच नाण्यांत थोडे थोडे पैसे वाटून जोखीम कमी होते, असे मानणाऱ्याने हा हिशेब पहिले नाणे घेण्याआधी मांडावा.