मिटता न येणारे फूल



वर्ड्सवर्थ या इंग्रज कवीची डॅफोडिल फुलांवरची कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली आहे. पण याच कवीने आणखी एका फुलावर एक नव्हे, तीन कविता लिहिल्या. त्या फुलाचे नाव लेसर सेलन्डाईन. इंग्लंडमधल्या ओलसर रानात आणि बागेच्या कोपऱ्यात ते उगवते. उंची वीतभर, पाने हृदयाच्या आकाराची, पाकळ्या चकचकीत पिवळ्या. झाडांना पालवी फुटण्याआधी जमिनीवर ऊन पोहोचते, तेवढ्या दिवसांत ते फुलून घेते आणि उन्हाळा आला की दिसेनासे होते. बरेच माळी त्याला तण समजून उपटतात.

या फुलाची एक सवय आहे. ऊन असले की ते उघडते आणि आभाळ भरून आले की पाकळ्या मिटून घेते. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या एका कवितेत कवीला जुने झालेले असे एक फूल दिसते. गारठा आहे, वादळ आहे, तरी फूल उघडेच. पाहणाऱ्याला वाटावे, काय हे धैर्य! पण कवीला उमगते की हे धैर्य नव्हे. वयामुळे त्याची मिटण्याची शक्तीच गेली आहे.

इथे आपण थोडे थांबू या. आपल्या वृद्धांविषयी आपण किती सहज बोलतो! "आजी अजून खंबीर आहे, तिला काही लागत नाही." "बाबांना एकटे राहायची सवय झाली आहे." खरेच सवय झाली आहे, की दुसरा मार्गच उरलेला नाही? मुले परदेशी, नाहीतर दिवसभर नोकरीवर. गुडघे चालत नाहीत म्हणून रविवारची मिस्साही चुकते. त्यांच्या नाइलाजाला आपण सहनशीलता म्हणतो आणि स्वतःची सुटका करून घेतो.

पुनरुत्थित प्रभूने सरोवराच्या काठी पेत्रावर आपल्या मेंढरांची जबाबदारी सोपवली. लगेच त्याला हेही सांगितले की तरुणपणी तो मनाला येईल तिकडे जात असे, पण म्हातारपणी त्याला हात पुढे करावे लागतील आणि दुसराच कोणी त्याला नको तिकडे नेईल (योहान २१:१८). प्रभूने पेत्राच्या मरणाविषयी हे सांगितले. पण त्यात आपल्यालाही इशारा आहे. आज जो दुसऱ्यांना सांभाळतो, त्यालाही उद्या हात पुढे करावे लागणार आहेत.

वर्ड्सवर्थ १८५० साली वारला. ग्रासमिअर गावातील संत ऑस्वाल्डच्या चर्चमध्ये त्याची स्मृतिशिला आहे. तिच्यावर त्याचे लाडके फूल कोरायचे होते. जाणकार सांगतात की प्रत्यक्षात कोरले गेले ते मिळत्याजुळत्या नावाचे, वेगळ्याच कुळातले फूल! सन्मान मनापासून केला, पण ओळख चुकली.

आपलेही असेच होते ना? अंत्यविधीला गर्दी, हारफुले, महिन्याची मिस्सा, कबरीवर सुंदर अक्षरे. पण ती व्यक्ती जिवंत असताना तिला काय आवडते, कशाची भीती वाटते, हे विचारायला आपल्याला सवड नव्हती.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा आणि ज्येष्ठांचा जागतिक दिन म्हणून ठरवला. आपण मात्र जुलैची वाट पाहू नये. या आठवड्यात एका वृद्ध व्यक्तीकडे अर्धा तास बसू या. सल्ला देऊ नये, घड्याळ पाहू नये, फक्त ऐकावे. घरी पवित्र कम्युनियन हवे असेल तर आपल्या धर्मगुरूंना कळवावे.

हे प्रभो, वादळात उघडे राहिलेल्या तुझ्या लेकरांना ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे आणि त्यांच्यासाठी आडोसा होण्याची कृपा कर. आमेन.