नेम कुणावर?

2009 च्या मे महिन्यात माझा भाचा कुवेतहून सुट्टीला गावी आला. बरोबर त्याने निन्टेन्डो डीएस हे हातात धरून खेळायचे यंत्र आणले होते. चष्म्याच्या घरासारखे उघडणारे, आत दोन पडदे आणि सोबत एक बारीक प्लास्टिकची काडी. गोळीबाराचा खेळ त्यावर कसा खेळायचा ते त्याने मला शिकवले. अंगठ्याने चालायचे, खालच्या पडद्यावर काडी फिरवून नेम धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने गोळी झाडायची. काडी हातात घेतली आणि मी थबकलो. कलम धरतो तशीच ती धरावी लागत होती.

थबकलो ते क्षणभरच. पहिला खेळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. जपानी आणि जर्मन सैनिक समोर येत होते, पडत होते. मला मजा आली, हे कबूल केले पाहिजे. असरची अजान झाली तेव्हा "एवढी फेरी संपू दे" असे म्हणणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी भाच्याने दुसरा खेळ लावला, 'कॉल ऑफ ड्यूटी 4 : मॉडर्न वॉरफेअर'. 2007 साली निघालेल्या या खेळातल्या युद्धाचा एक भाग पश्चिम आशियातल्या एका देशात घडतो. त्या देशाला नावसुद्धा दिलेले नाही. डोक्याला रुमाल गुंडाळलेली माणसे समोर येऊ लागली आणि माझा हात थांबला. भाचा म्हणाला, "मामू, मारा ना! ती खरी माणसं थोडीच आहेत?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्याकडे कृतीचा न्याय नियतीवर होतो, आणि इथे नियत खेळण्याची होती. कुणाचे रक्त सांडले नव्हते. शस्त्रांचा खेळ मुळातच निषिद्ध आहे, असेही म्हणता येत नाही. ईदच्या दिवशी मस्जिदीत हबशी लोक भाले-ढालींचा खेळ करीत होते. पैगंबरांनी (स.) तो स्वतः पाहिला आणि हजरत आयेशांनाही (र.) पाहू दिला. पण त्याच पैगंबरांनी आपल्या भावाकडे हत्यार रोखू नये, असेही बजावले आहे. कारण सैतान हात कधी हलवील याचा भरवसा नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात, याचा मी पुष्कळ विचार केला. भाल्यांच्या खेळात समोरच्याचा चेहरा दिसतो. तो उलट वार करू शकतो, आणि खेळ संपल्यावर दोघे बरोबर घरी जातात. पडद्यावरच्या या खेळात दृश्य माझ्याच डोळ्यांतून दिसते. माझे मला फक्त हात आणि बंदूक दिसतात, चेहरा दिसत नाही. समोरच्या माणसाला चेहरा असला तरी नाव नसते. तो पडण्यापुरताच आलेला असतो.

असे खेळ खेळणारी मुले खुनी होतात, असे मी म्हणणार नाही. जगभर कोट्यवधी मुले खेळतात आणि शहाण्यासारखी शाळेत जातात. उद्या त्यांचा हात काय करील, हा माझा प्रश्न नाही. आज त्यांच्या डोळ्यांना कसली सवय लागते आहे, एवढाच आहे.

याच मालिकेतला पुढचा खेळ 2009 च्या अखेरीस आला. त्यात कराचीचे एक मैदान होते, आणि तिथल्या दुकानांच्या पाट्या उर्दूऐवजी अरबीत होत्या. ज्यांच्यावर गोळ्या झाडायच्या त्यांची भाषा कोणती, हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. त्याच खेळात ब्राझीलमधल्या एका झोपडपट्टीचेही मैदान होते. तिथल्या एका न्हाणीघरात टांगलेल्या तसबिरीच्या चौकटीवर हदीसचे शब्द होते. 2012 साली मुसलमान खेळाडूंनी तक्रार केली, कंपनीने ते मैदान काही काळ काढून घेतले आणि दुरुस्ती केली. तक्रार रास्तच होती. पण मला वाटत राहिले की चौकट आम्हाला दिसली, आणि तिच्याखाली दिवसभर पडणारी माणसे दिसली नाहीत.

उलट बाजूनेही प्रयत्न झाले. दमास्कसच्या एका प्रकाशनाने 2001 मध्ये 'अंडर ॲश' नावाचा खेळ काढला. त्याचा नायक पॅलेस्टिनी तरुण होता. आपला मुलगा पडद्यावर एकदा तरी नायक झाला, याचा आनंद मी समजू शकतो. तरीही बंदूक या हातातून त्या हातात गेली, म्हणून नेमाचा प्रश्न सुटत नाही.

माझी अडचण तर याहून मोठी होती. रुमालवाला माणूस समोर आला तेव्हा माझा हात थांबला, कारण तो माझ्या चाचांसारखा दिसत होता. आदल्या दिवशी जर्मन आणि जपानी पडत होते तेव्हा तो थांबला नव्हता. त्या दिवशी मी याला माझ्या इमानाची जाग समजलो. आता तसे वाटत नाही. आपल्यासारख्या दिसणाऱ्यासाठी जागे होणे ही आपुलकी झाली. ती चांगलीच आहे, पण तिला न्याय म्हणता येत नाही. आपल्या माणसांना सगळीकडे शत्रू म्हणून रंगवतात, अशी तक्रार आपण करतो. ती तक्रार करण्याचा अधिकार हवा असेल, तर दुसऱ्याचा माणूस पडतानाही आपला हात थोडा जड व्हायला हवा.

तो भाचा आता बाप झाला आहे. त्याचा मुलगा हातातल्या नव्या यंत्रावर असलेच खेळ खेळतो. मी त्याला मनाई करत नाही. मी मनाई केली तर तो पांघरुणात लपून खेळेल. मी शेजारी बसतो आणि कधीतरी विचारतो, "हा कोण रे? कुठून आला असेल? याच्या घरी कोण असेल?" सुरुवातीला तो वैतागायचा. परवा मात्र त्याने खेळ थांबवला, पडद्याकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "नाना, याचं नावच सांगितलेलं नाही."

मग त्याने खेळ पुन्हा सुरू केला. मी काही बोललो नाही.