वाजणारे टाळ आणि न्यायासन

माउली, आळंदीहून निघालेला ज्ञानोबारायांचा सोहळा तळावर पोचला की समाजआरती होते. टाळमृदंगांनी तळ दणाणलेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सारे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे मात्र वाजतच राहतात. तिचे काही गाऱ्हाणे आहे, अशी ती खूण. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. मग तेही टाळ शांत होतात.

हा दंड कोणाच्या पाठीवर पडत नाही. तरी एवढा समाज थांबतो कशाने? उद्या माझे टाळ वाजले तर माझेही ऐकले जाईल, या विश्वासाने.

उच्च न्यायालयाचा अधिकार मला असाच दिसतो. न्यायमूर्तींजवळ फौज नाही, तिजोरी नाही. निकाल अमलात आणायचा सरकारने, आणि पुष्कळदा तो सरकारच्याच विरुद्ध असतो. तरी तो चालतो, कारण लोकांचा त्यावर भरवसा असतो.

मग न्यायासनाने कधी चुकूच नये काय? मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झाले. १९०८ च्या जुलैत तिथे लोकमान्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. निकाल लागला, पण लोकांच्या मनाने तो घेतला नाही. गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. पुढे स्वराज्य आले. १९५६ साली, टिळकांच्या जन्मशताब्दीत, मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्याच इमारतीत एक शिला बसली. तिच्यावर शब्द आहेत ते न्यायाधीशाचे नव्हेत, तर शिक्षा ऐकण्यापूर्वी आरोपीने काढलेले. याने न्यायालय लहान झाले नाही, मोठेच झाले.

नारदांच्या गादीवर मी पन्नास वर्षे उभा राहिलो. एकदा प्रमाण चुकले. समोरच्या एका वृद्ध माळकऱ्याने तिथेच सांगितले. मी गादीवरूनच हात जोडले आणि चरण पुन्हा नीट म्हटला. पुढल्या वर्षी त्याच गावाने सप्ताहाला बोलावले. चूक लपवली असती तर बोलावले असते, असे मला वाटत नाही.

म्हणून कोणी न्यायालयाच्या निकालावर बोलला, तर मला भीती वाटत नाही. भीती निराळी आहे. आमच्या गावच्या एका शेतकऱ्याचा बांधाचा दावा वर्षानुवर्षे चालला आहे. तारखेमागून तारीख पडते. परवा तो म्हणाला, "महाराज, आता मी जात नाही. काय व्हायचे ते होवो."

त्याचे टाळ थांबले. पण गाऱ्हाणे मिटले म्हणून नव्हे, हात थकले म्हणून. बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच ऐकू येतात. त्यांतला भेद ज्याला कळतो, त्याच्याच हाती दंड शोभतो.

रामकृष्णहरी!