तोंडचा एक श्वास

माउली, वारी आपण एकट्याने करीत नाही. पुढे पताका, मध्ये वीणा, दोन्ही बाजूंना टाळकरी, आणि त्या ओघात आपण एक. मंदिरात पोचलो की रांग लागते, मागचा पुढच्याला सरकवतो, दर्शन होते. तिथे काय करायचे हे कुणाला विचारावे लागत नाही. पण एखाद्या आडदिवशी, एकादशी नाही, उत्सव नाही, आपण एकटेच एखाद्या समाधीपाशी जाऊन उभे राहिलो, तर तिथे आपले काम काय? बघायचे? मागायचे? मोबाईलवर फोटो काढायचा? की तिथे विसावलेल्या माणसाचे आपण काही देणे लागतो?

युसूफ वडगावच्या माणसाला हा प्रश्न दूरचा नाही. अंबाजोगाईला डोंगराच्या कुशीत मुकुंदराजांची समाधी आहे, गावात दासोपंतांची आहे. मांजरा ओलांडून दक्षिणेला गेले की तेरला गोरोबाकाका आहेत. आणि सगळ्यांत जवळची समाधी शेताच्या बांधावर असते. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या पणजीची. चार दगड, वर चुन्याचा हात, शेजारी लिंबाचे झाड. तिच्यावर नाव असेलच असे नाही. तिचा विचार शेवटी करू.

आधी थोडे लांब जाऊ, इजिप्तला. तो देश वाटतो तितका परका नाही. तेरचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिली असे मानली जाणारी 'पेरिप्लस' नावाची समुद्रमार्गाची वही आहे. तगरहून भडोचला गाड्या भरून कापड येते, अशी नोंद तिच्यात आहे. भडोचहून गलबते तांबड्या समुद्रातल्या इजिप्तच्या बंदरांना जात. आपल्या गावाच्या नावात जो युसूफ आहे, तेच नाव एका पैगंबराचेही. त्यांनी इजिप्तमध्ये सुकाळातले धान्य राखून ठेवले आणि दुष्काळात लोकांना जगवले, अशी कथा कुराणात आहे. दुष्काळ म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याला कुणी सांगायला नको.

इजिप्त म्हटले की आपल्याला राजांचे पिरॅमिड आठवतात. पण लक्सर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम काठावरच्या टेकड्यांत साध्या माणसांची आणि अधिकाऱ्यांची चारशेहून अधिक थडगी कोरलेली आहेत. एकटा प्रवासी होडीने नदी ओलांडतो, सायकल नाहीतर टॅक्सी करतो, तिकीट काढतो, आणि राखणदार कुलूप उघडून देतो. सहलीच्या गटांना घाई असते, त्यांचा ओढा राजांच्या थडग्यांकडे असतो. एकट्याला मात्र इथे थांबता येते.

त्यातले एक थडगे सेन्नेजेमचे. हा राजा नव्हे. राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत तो सुमारे ३२०० वर्षांपूर्वी राहत होता. हे कारागीर पोटासाठी दुसऱ्याचे थडगे रंगवीत आणि आपल्या फावल्या वेळात स्वतःचे. सेन्नेजेमच्या भिंतीवर परलोकाचे चित्र आहे. त्यात सोन्याचा महाल नाही. तो स्वतः बैल जुंपून नांगर धरून चालला आहे, मागून त्याची बायको बी पेरते आहे, शेजारी पिकाची कापणी चालली आहे. अरणच्या सावतोबांना मळा सोडून कुठे जावेसे वाटले नाही. या कारागिराची मेल्यानंतरची आस पाहून त्यांना नवल वाटले नसते.

आता मूळ गोष्ट. इजिप्तच्या अशा अनेक थडग्यांवर आणि स्मारकशिळांवर वाटसरूला उद्देशून एक विनंती कोरलेली असते. जिवंत माणसा, इथून जातोस तर क्षणभर थांब, माझे नाव घे, आणि मला हजार भाकरी, हजार बैल, हजार वस्त्रे मिळोत एवढे म्हण, असा तिचा आशय. काही ठिकाणी पुढे असेही असते की यात तुझे काही खर्च होणार नाही, फक्त तोंडचा श्वास लागेल. भाकर आणून ठेव असे तो मृत माणूस म्हणत नाही. पोरेबाळे किती पिढ्या नैवेद्य आणतील याचा भरवसा नाही, हे त्याला ठाऊक असावे. म्हणून त्याने अनोळखी माणसाकडे सर्वांत स्वस्त वस्तू मागितली, उच्चारलेले नाव.

नामाचे हे मोल वारकऱ्याला शिकवावे लागत नाही. दाम लागत नाही, सोवळे लागत नाही, श्वास तेवढा लागतो, म्हणून तर संतांनी नाम सर्वांच्या हाती दिले.

पण इथे एक शंका येते. देह नाशिवंत आहे हे आपण रोज कीर्तनात ऐकतो. मग देहाच्या जागेचे एवढे काय? आणि माझे नाव घ्या असे म्हणणे हा अहंकार नव्हे का? शंका खरी आहे. आपल्या परंपरेचे उत्तर पंढरपूरच्या महाद्वारात आहे. नामदेवांनी येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांचे पाय लागावेत म्हणून पायरीची जागा मागून घेतली. समोर चोखोबांची समाधी आहे. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. ज्या हाडांतून विठ्ठलाचे नाव ऐकू येत होते ती नामदेवांनी ओळखून वेचली आणि पंढरीला आणली, असे परंपरा सांगते. जिवंतपणी ज्यांना देवळात जाऊ दिले नाही, त्यांच्या हाडांनी स्वतःचे नाव घ्या असे म्हटले नाही. ती स्वतःच नाव घेत होती.

हा भेद मोठा आहे. तरी त्यावरून सेन्नेजेमला कमी लेखू नये. संतांनी 'मी' सोडला म्हणून त्यांना मागावे लागले नाही. साध्या माणसाला आपण विसरले जाऊ याचे भय असते. ते भय आपल्या आईला होते, आपल्यालाही आहे. आपण एकमेकांना माउली म्हणून पाया पडतो, तेव्हा समोरच्याने अहंकार सोडला आहे का, हे आधी तपासत नाही. मग तीन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव घ्यायला वारकऱ्याने का अडावे? त्याने आपला देव सोडायला सांगितलेले नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८८६ मध्ये सेन्नेजेमचे थडगे सापडले तेव्हा आत कुटुंबातल्या वीसेक जणांचे देह होते. त्या शवपेट्या आणि सामान कैरोपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या संग्रहालयांत विखुरले. जे आले त्यांनी पाहिले आणि नेले. उरली ती भिंतीवरची चित्रे, आणि त्यांना आता पाहणाऱ्याच्या श्वासाचेच भय आहे. बंद जागेत माणसांच्या श्वासाची आणि घामाची ओल भिंतींना बाधते. म्हणून राणी नेफेरतारीचे थडगे १९९५ मध्ये खुले केले, तेव्हा रोज मोजक्याच लोकांना थोड्या मिनिटांसाठी आत सोडत. आपल्या अजिंठ्याच्या चित्रांनाही हीच काळजी आहे. ज्याने श्वास मागितला त्याचे घर श्वासानेच झिजते. तेव्हा जावे, पण भिंतीला हात लावू नये, रेंगाळू नये, नाव घ्यावे आणि दुसऱ्याला जागा द्यावी.

समाधीपाशी एकट्याने कसे जावे, याचा वस्तुपाठ आपल्याकडे नाथांनी घालून दिला आहे. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ, असे ज्ञानदेवांनी एकनाथांना स्वप्नात सांगितल्याची कथा आपण सारे जाणतो. नाथ आळंदीला गेले, समाधी शोधली, मुळी दूर केली. त्या भेटीतून त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचे कथा सांगत नाही. पुढे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत लोकांच्या हाती दिली. पोथीला लागलेली मुळीच ती. समाधीपाशी गेलेल्या माणसाने काय करावे? तिथे काय रुतले आहे ते पाहावे आणि आपल्या हाताने काढावे.

आता बांधाकडे येऊ. भावाभावांत वाटणी झाली की बांध सरकतो. ट्रॅक्टर वळवताना समाधीचा एक दगड निखळतो, पुढच्या वर्षी दुसरा. मुले पुण्याला गेली, ऊसतोडीला गेली. पणजीचे नाव सांगणारे एक म्हातारे माणूस घरात उरते, आणि तेही एक दिवस जाते. सामान गेले तरी सेन्नेजेमचे नाव पुसले गेले नाही, ते भिंतीवर रंगवलेले होते. आपल्या पणजीचे नाव मात्र कुणाच्या तोंडात नसेल तर कुठेच नाही. या थडग्याला ना तिकीट ना राखणदार. मुकुंदराजांकडे, गोरोबाकाकांकडे कुणी ना कुणी जाणारच. इथे तुम्ही गेला नाहीत तर कुणी जाणार नाही.

म्हणून माउली, येत्या येळवसेला किंवा पितृपंधरवड्यात पंगत उठल्यावर थोडा वेळ काढा. एकटेच जा. चपला दूर काढा. दगडातून उगवलेले गवत उपटा, निखळलेला दगड बसवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी नाव विचारून घ्या, आणि ते मोठ्याने उच्चारा, मग विठ्ठलाचे. जमले तर नातवाला बरोबर न्या आणि त्याच्याकडूनही एकदा म्हणवून घ्या. राम कृष्ण हरी.