चार हात पाणी

वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, एका गावात दोन भावांच्या वाटण्या झाल्या. वावराच्या मधोमध धुरा पडला. उंचावरची बाजू धाकट्याला, उताराची थोरल्याला, विहीर दोघांनाही एकेक. वाटणीपत्रात बंडी आली, बैल आले, गोठ्यावरची टिनंसुद्धा सुटली नाहीत. जमिनीखालचं पाणी तेवढं कुणाच्याच नावावर चढलं नाही.

थोरल्यानं संत्र्याचा आंबिया बहार धरला. फूल जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात झाडावर फळ आणि ओलिताला खंड नाही. विहीर पुरेना, तेव्हा त्यानं चारशे फूट बोअर मारला. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यानं 60 मीटर, म्हणजे साधारण दोनशे फुटांखालची विहीर ‘खोल’ ठरवली आहे. हा त्याच्या दुप्पट. पण बोअरच्या गाडीला कायदा विचारतो कोण?

पाणी लागलं. त्याच वर्षी धाकट्याच्या विहिरीनं एप्रिलातच तळ दाखवला. इथल्या काळ्या पाषाणाची रीतच तशी. वर्धा जिल्ह्यात पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तो काही थोडा नव्हे. मात्र साठवण होते ती मुख्यतः वरच्या मुरमात. खालच्या अखंड खडकात पाणी असतं ते भेगांपुरतं. खोल बोअर अशा भेगेला भिडला की वरच्या विहिरींचं पाणी खाली झिरपतं. मालकाला वाटतं नवं पाणी सापडलं. बहुतेकदा ते शेजाऱ्याचं असतं.

भावाभावांचं बोलणं तुटलं. धाकट्याची बायको म्हणाली, “त्याहीनं चारशे मारला, आपण सहाशे मारू.”

“मंग तो आठशे मारन,” माय म्हणाली. “रांजण एकच हाय. भोकं पाडाची शर्यत लावता का?”

धाकटा आर्वी तालुक्यातलं काकडदरा पाहून आला. कोलामांचं लहानसं गाव. 2017 च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत श्रमदानाच्या जोरावर पहिलं आलेलं. परतल्यावर त्यानं उताराला आडवे चर खणले. विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा घेतला, तळाशी दगड, त्यावर गिट्टी, वर वाळू भरली आणि तळातून विहिरीत पाइप सोडला. गढूळ पाणी थेट विहिरीत जाऊ द्यायचं नाही, एवढं पथ्य.

दिवाळीत मायनं गाठी मारलेली दोरी सोडली. पाणी गेल्या सालापेक्षा चार हात वर होतं. मग ती धुरा ओलांडून थोरल्याच्या विहिरीवर गेली. तिथं सहा हात!

“राबलो आपण, अन् पाणी त्याहीच्या घरी,” सून चिडली. खोटं नव्हतंच ते. पाणी उताराचं ऐकतं. खड्डा कुणी खणला हे त्याला ठाऊक नसतं.

पुढच्या मृगाआधी एका सकाळी थोरला त्या खड्ड्यात उतरलेला धाकट्याला दिसला. वरची वाळू गाळानं लिंपून गेली होती; तो ती घमेल्यानं उपसत होता.

“गाळ काढल्याबिगर मुरन कसं?” मान वर न करता तो म्हणाला. मग थांबून, “औंदा आंबिया नाही धरला म्या. मृग घेतो.” मृग बहार म्हणजे पावसाच्या भरवशावरचं फूल. पाऊस हुकला तर बहारच हुकायचा, हे दोघांनाही माहीत होतं.

“अन् बोअर?”

“झाडं जगवण्यापुरता. पाळी तुमीच सांगा.”

धाकटा गप्प राहिला. भासऱ्यापुढं एरवी तोंड न उघडणारी त्याची बायको पदर सावरत म्हणाली, “बुधवार अन् शनिवार. तेही दिवसाच. रातच्याले किती वेळ चालला, कोण पाहाते?”