ज्ञानाची पहिली खूण

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली, त्यांत पहिले अमानित्व. पाठांतर नव्हे, वक्तृत्व नव्हे. ग्रीक देशीचा सॉक्रेटिसही आपले अज्ञान ओळखणे हेच शहाणपण मानी. आपल्या पैठणच्या नाथांनी हे आचरून दाखविले. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. एकनाथी भागवत लिहिणारा हा अधिकारी पुरुष. पण माउलींच्या ग्रंथात इतर कोणीही आपली ओवी मिसळू नये, असे त्यांनी बजावले.

मी मात्र कीर्तनात ओवी आठवेना तेव्हा स्वतःची जुळवणी माउलींच्या नावावर खपविली आहे. श्रोत्यांनी माना डोलावल्या. म्हणून ती माउलींची झाली नाही. मंडळी, ‘आठवत नाही’ म्हणायची जिथे लाज वाटते, तिथेच ज्ञान अडते.

रामकृष्ण हरि!